नळीचे दुसरे टोक

नळीमास्तरांसमोर रिकामी वस्तू ठेवण्याची सोय नव्हती. पेनचे टोपण, सोड्याची बाटली, औषधाची कुपी, जुन्या कुलपाची पोकळ किल्ली, जे हाती येईल ते खालच्या ओठाला टेकवून ते त्यावर फुंकर घालत. सूर निघाला की डोळे बारीक करून ऐकत. हे ते प्राचार्यांच्या बैठकीत करत आणि लग्नाच्या पंगतीतही करत. एकदा एका मयतीहून परतताना एस.टी.त त्यांनी पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर सूर धरला. कंडक्टरने वळून पाहिले. मास्तर म्हणाले, "काय झालं गा? हिचं बी तिकीट फाडते काय?" मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. त्यांच्याबरोबर प्रवास करताना मी बहुधा खिडकीबाहेरच पाहत असे.

महागावला आम्ही एकाच कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी केली. ते भौतिकशास्त्र शिकवत, मी रसायनशास्त्र. प्रयोगशाळा एकच होती, लांबट. अर्ध्या भागात त्यांच्या नळ्या आणि अर्ध्या भागात माझ्या. नळीमास्तर हे नाव पोरांनी ठेवले होते आणि त्यांना ते आवडत असे. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यात त्यांचे घर होते. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, वर्गात पुस्तकी मराठी, आणि बाकी सर्वत्र वऱ्हाडी. "माह्या आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं," ते म्हणत, "मी काचेच्या नळीत हवा वाहून राह्यलो. ओझं कमी झालं, बस." ते मला रसायनवाले म्हणत आणि तू म्हणत. मी त्यांना अखेरपर्यंत तुम्ही म्हटले.

ज्यांनी विज्ञान शाखेचे तोंड पाहिले नाही त्यांच्यासाठी तो प्रयोग सांगतो. उंच भांड्यात पाणी भरायचे. त्यात दोन्ही टोके उघडी असलेली काचेची नळी उभी बुडवायची. नादकाटा, म्हणजे दोन दात्यांचा पोलादी काटा, रबरावर ठोकून नळीच्या तोंडावर धरायचा आणि नळी हळूहळू वर उचलायची. नळीतली हवा लांब होत जाते. नादकाट्याचा आवाज क्षीणच असतो. पण एका ठरावीक लांबीला ती हवा त्याला साथ देते आणि सूर एकाएकी फुलतो. त्या लांबीवरून ध्वनीचा वेग काढतात. पुस्तकात या घटनेला अनुनाद असे नाव आहे. मास्तरांच्या भाषेत नळी बोलत असे. "बोलली काय?" एवढाच त्यांचा प्रश्न असे. पोरगा गोंधळला तर म्हणत, "पुन्हा उचल. ते बोलल्याशिवाय राहत नाही. तू ऐकल्याशिवाय राहू नको."

या प्रयोगाच्या वेळी पंखे बंद. हा त्यांचा कायदा होता आणि तो माझ्या अर्ध्या भागालाही लागू असे. महाविद्यालयामागे कापसाचे जिनिंग होते. हंगामात त्याची घरघर दिवसभर चाले. म्हणून मास्तर हा प्रयोग जिनिंगच्या जेवणाच्या सुट्टीत ठेवत. यंत्रे थांबली की ते बोट वर करत आणि म्हणत, "चला, तेवढ्यात ऐकून घ्या." मग पोरे जेवणाचा डबा सोडून नळीवर वाकत. त्या अर्ध्या तासात मी माझ्या टेबलावर बाटली ठेवतानासुद्धा खाली फडके घालत असे. त्यांनी तसे सांगितले नव्हते.

उघडी नळी आणि बंद नळी यांतला फरक ते शेतातल्या पाइपचा तुकडा आणून दाखवत. एकदा तो तसाच फुंकत. मग खालचे तोंड तळहाताने बंद करून फुंकत. सूर एकदम खाली उतरे. पोरे हसत. "नळी तेवढीच आहे," मास्तर म्हणत, "पण बंद केली का आवाजाले दुप्पट चालावं लागते. म्हून तो दमून खालच्या सुरात येते." एकदा त्यांनी वर्गातूनच माझ्या टेबलाकडे बोट केले. "तिकडं पाहा. आपले रसायनवाले सर, बंद नळी. आवाज खाली, पण पक्का." वर्ग हसला. मी ब्युरेट धूत होतो, ती धुऊन पूर्ण केली.

नळीतली हवा नळीच्या तोंडाशी थांबत नाही, थोडी बाहेरपर्यंत हलते. म्हणून मोजलेल्या लांबीत थोडी भर घालावी लागते. तिला एंड करेक्शन म्हणतात. मास्तरांनी ही भर आयुष्यभर सगळीकडे घातली. चहा संपला की कप पुढे करून म्हणत, "एंड करेक्शन." तांड्यातले त्यांचे घर स्टँडपासून लांब होते, तरी मला रोज संध्याकाळच्या बसला पोचवायला ते येत. बस सुटल्यावरही थांबत. वळणावर मी मागे पाहिले तर ते तिथेच उभे असत. मी हात केला नाही. त्यांनीही केला नाही. फक्त उभे असत.

पोरांची एक खोड मात्र त्यांना सहन होत नसे. ध्वनीचा वेग पुस्तकात दिलेला असतो. हुशार पोरे त्यावरून उलटे गणित करून लांबी काढत आणि नळीला हात न लावता ती वहीत लिहीत. उत्तर अगदी बरोबर येई. मास्तर ती वही परत करत. "हा आकडा पुस्तकाचा आहे. तुहा कुठं आहे?" पोरगा म्हणे, "सर, पण बरोबर आहे ना?" मास्तर म्हणत, "बरोबर आहे, म्हून तर खोटा आहे. जा, उचल नळी."

सेवानिवृत्तीला काही वर्षे असताना त्यांनी शिकवण्याची पद्धत बदलली. प्रयोग चालू असताना ते नळीकडे पाठ करून, विद्यार्थ्याच्या चेहऱ्याकडे तोंड करून उभे राहू लागले. पोरगा नळी उचलत जाई, मास्तर त्याचा चेहरा पाहत. सूर फुलला की पोराच्या भुवया वर जात, ओठ विलग होत. मास्तर म्हणत, "आलं! तिथंच थांब." सगळ्यांना ही एक नवी लहर वाटली. एक पोरगा म्हणाला, "सर आता आमच्या थोबाडावर रीडिंग घेतात." मलाही ती लहरच वाटली. पण एके दिवशी माझ्या लक्षात आले की डोक्यावर पंखा कुरकुरत आहे, जिनिंग चालू आहे, आणि मास्तर प्रयोग घेत आहेत.

सविता नावाची एक मुलगी होती. पलीकडच्या तांड्यातून एस.टी.ने येई. हुशार आणि घाईची. त्या दिवशी तिचा नंबर शेवटचा होता आणि बस सुटायला आली होती. तिने नळी थोडी उचलली आणि चेहरा फुलवला. भुवया वर, तोंड उघडे, सगळे यथास्थित. मास्तर आनंदाने म्हणाले, "आलं! लिही." मी चार पावलांवर उभा होतो. नळी बोललेली नव्हती. सविता दप्तर उचलून पळाली. मास्तर रुमालाने स्केल पुसत होते.

संध्याकाळी स्टँडकडे जाताना मी म्हटले, "मास्तर, आज शेवटचे रीडिंग चुकले."

ते चालत राहिले. त्यांना ऐकू आले नव्हते. मी पुढे होऊन समोर उभा राहिलो आणि तेच पुन्हा म्हटले. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिले. मग रस्त्याच्या कडेला एका कापसाच्या गाडीला टेकून उभे राहिले.

"कवापासून माहीत आहे तुले?"

"आजच."

"वरचे सूर आधी गेले," ते म्हणाले. "सायकलची घंटी गेली. मग घरची बोलते ते अर्धं. मशीन घेतलं ना मी, कानातलं. पण त्यातून नळी नाही बोलत रे. पंखा बोलते, जिनिंग बोलते, खुर्च्या बोलतात. नळी तेवढी नाही." मग म्हणाले, "संस्थेले समजलं तर प्रॅक्टिकल काढून घेतीन. हापिसात बसवतीन. मी काय तिथं फायलींवर फुंकू?"

संस्थेने तसे केले असते. त्यात कोणाचा दुष्टावा नसता, नियमच तसा होता. मी विचारले, "मी काय करावे?"

"तू कान दे," ते म्हणाले. "बाकी मी करतो."

दुसऱ्या दिवसापासून व्यवस्था ठरली. त्यांचा प्रयोग असेल त्या वेळी मी मधल्या बेसिनपाशी काम काढत असे. नळी बोलली की मी चष्मा काढून पुसत असे. मास्तर आता विद्यार्थ्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत. हे योग्य होते की नाही, ते मी तेव्हा ठरवले नाही. आजही ठरवलेले नाही.

सविताला मात्र त्यांनी बोलावून घेतले. ती आली आणि दारातच उभी राहिली. ते प्रथम गोरबोलीत काहीतरी म्हणाले, त्यातला छोरी हा एकच शब्द मला समजला. तिने मान खाली घातली. मग ते वऱ्हाडीवर आले. "बस चुकली असती, हे समजलं मले. पण मले आयकू येत नाही पोरी. मी तुह्या तोंडाकडं पाहून राह्यलो होतो. तू तिथं खोटं लिहिलं."

तिने ओढणीने डोळे पुसले. मग म्हणाली, "कोणाले सांगू नका ना सर."

"मी तुले सांगून राह्यलो, का कोणाले सांगू नको म्हून," मास्तर म्हणाले आणि हसले. तीही रडता रडता हसली. मग तिने नळी उचलली. त्या दिवशी तिची बस खरोखरच चुकली. मास्तरांच्या घरून तिला कोणीतरी मोटारसायकलवर पोचवले.

बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. तरुण होते, सज्जन होते. दिवसभर सर्व सुरळीत चालले. मी बेसिनपाशी इतक्या परीक्षानळ्या धुतल्या की आमच्या शिपायाला माझी काळजी वाटू लागली. सविताच्या वाट्याला नळीचाच प्रयोग आला होता. तिची वेळ आली तेव्हा परीक्षक मास्तरांना म्हणाले, "सर, तुमच्या नळीबद्दल फार ऐकलंय. एकदा तुमच्या हातानं दाखवा ना. ही मुलगी काटा धरेल, नळी तुम्ही उचला. मलाही ऐकू द्या."

मास्तरांना त्यांचे ओठ वाचता आले. ते म्हणाले, "हो, हो." पंखे बंद झाले. जिनिंगची यंत्रे जेवणासाठी थांबली होती. परीक्षक आदराने पुढे सरकले आणि नेमके मास्तरांच्या व माझ्यामध्ये येऊन उभे राहिले. मी चष्मा काढला असता किंवा डोक्यावर ठेवला असता, तरी दिसणार नव्हते. मी डावीकडे सरकलो. तिथे कपाट होते.

मास्तरांनी माझ्या जागेकडे पाहिले. त्यांना परीक्षकांचा शर्ट दिसला असावा. मग त्यांनी नजर वळवून सविताच्या चेहऱ्यावर ठेवली. दुसरे काही करण्यासारखे नव्हते. याच चेहऱ्याने त्यांना एकदा फसवले होते, आणि हे तिलाही ठाऊक होते.

तिने काटा ठोकला, नळीच्या तोंडावर धरला. मास्तर नळी उचलू लागले. इतके सावकाश त्यांनी कधी उचलले नसेल. सविताचा चेहरा दगडासारखा होता. मला वाटले, घाबरून ती तसाच ठेवणार. काट्याचा आवाज मंदावत चालला. मग नळी बोलली, आणि त्याच क्षणी तिच्या भुवया वर गेल्या.

"इथं," मास्तर म्हणाले. त्यांचा हात थांबला होता.

मी कपाटाआडून ऐकत होतो. जागा बरोबर होती.

परीक्षक म्हणाले, "वा. काय कान आहे तुमचा, सर." मास्तरांना हे वाक्य समजले की नाही, मला माहीत नाही. ते सविताला म्हणाले, "लिही पोरी. हा तुहा आकडा आहे."

त्यांनी नोकरी नळीसह पूर्ण केली. त्यानंतर मीही निवृत्त होऊन यवतमाळला राहायला आलो. वर्षातून दोन-तीन वेळा एस.टी.ने महागावला जात असे. त्यांच्याशी फोनवर बोलण्याचा उपयोग नव्हता. मी बसमधून उतरलो की ते स्टँडवर असत. मी येणार हे मी फोनवर त्यांच्या पत्नीला, वहिनींना, कळवलेले असे. लोकांशी बोलणे त्यांना अवघड झाले होते, पण माझ्याशी अडत नसे. "तू कमी बोलते, म्हून तुहं सगळं समजते," असे ते म्हणत.

वरचे सूर गेल्यावर ते खालच्या सुरांच्या मागे लागले होते. नळी जितकी लांब तितका सूर खाली. पहिल्या भेटीत अंगणात हातभर पाइप होता. पुढच्या वेळी तो दाराएवढा झाला. मग शेतातल्या पाइपलाइनचे उरलेले तुकडे सोल्युशन लावून जोडले गेले, आणि नळी तुराट्यांच्या कुंपणाशेजारून बेचक्यांवर आडवी निघाली. वहिनी म्हणत, "भाऊजी, पुढच्या वर्षी तुम्ही येऊ नका. ही नळीच यवतमाळले पोचते." त्या नळीवर त्यांनी लुगडी वाळत घातलेली असत. मास्तर आधी लुगडी काढत.

एवढी लांब नळी फुंकून बोलत नाही. तिच्या उघड्या तोंडावर रबरी चपलेने थाप मारावी लागते. दुसरे टोक मास्तर दोन्ही तळहातांनी बंद करत. बंद टोकाशी हवेचा दाब सर्वांत जास्त हलतो. त्यांना ऐकण्यासाठी आता तीच जागा उरली होती. एका माणसाचे हे काम नव्हते. दोन टोकांना दोन माणसे लागत. "मार," ते ओरडत. मी आयुष्यात कोणावर चप्पल उगारलेली नाही. तांड्यातली येणारी-जाणारी माणसे थांबून पाहत. मी मारत असे.

मला धप् असा साधा आवाज ऐकू येई. त्यात काही विशेष नव्हते. पण पलीकडच्या टोकाला मास्तर डोळे मिटून उभे असत आणि त्यांच्या चेहऱ्यावर, सावकाश, ते सगळे घडत असे: भुवया, मग ओठ. "आला," ते म्हणत. "पुन्हा मार." माझे कान चांगले होते आणि मला ते ऐकू येत नव्हते. ते काय आहे, हे पाहण्यासाठी मी कधी त्या टोकाला गेलो नाही. मारायला माणूस हवा होता, आणि तो मी होतो. शेवटच्या भेटीतही मी मारले. मग त्यांनी मला स्टँडपर्यंत पोचवले. बस सुटली. वळणावर मी मागे पाहिले. त्या दिवशी मी हात करायला हवा होता असे नव्हे. पण करता आला असता.

ते या उन्हाळ्यात गेले. झोपेतच गेले. मला निरोप उशिरा मिळाला, म्हणून तेरवीला पोचलो. स्टँडवर कोणी नव्हते. तांड्याची वाट मला पाठ होती, तरी एकट्याने चालताना ती लांब वाटली.

पंगती उठल्यावर मी अंगणात आलो. नळी तिथेच होती. त्या दिवशी तिच्यावर काही वाळत घातलेले नव्हते. मी चप्पल काढली आणि मारली. धप् आवाज झाला. मग दुसऱ्या टोकाकडे चालत गेलो आणि तोंडावर तळहात ठेवले. माझे वय लक्षात घेता मी भरभर चाललो. मी पोचेपर्यंत नळी गप्प झाली होती. परत येऊन पुन्हा मारले. पुन्हा तेच झाले.

सविता ओसरीवरून पाहत होती. ती आता मुकुटबनकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. ती खाली आली. तिने माझ्या हातातली चप्पल घेतली आणि म्हणाली, "तुम्ही तिकडं जा सर. मी मारतो."

मी दुसऱ्या टोकाला गेलो. दोन्ही तळहातांनी नळीचे तोंड बंद केले, जसे ते करत तसे. तिने चप्पल उगारली, पण लगेच मारली नाही. नळीकडे तिचे लक्ष नव्हते. ती कुंपणाच्या त्या टोकावरून माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती.

मग तिने मारले.

मी काही सांगण्याच्या आत ती तिथूनच म्हणाली, "आलं सर."